हलक्या सिस्टीमसोबत कोणता विंडो मॅनेजर द्यावा?

काळ्या पडद्यावर स्टार्टएक्स लिहून एंटर दाबलं की एक्सची, म्हणजे युनिक्स-लिनक्सवर विंडो दाखवणाऱ्या व्यवस्थेची, जुनी, सोबत आलेली मांडणी समोर उभी राहते. वर उजव्या कोपऱ्यात छोटंसं काट्यांचं घड्याळ आणि तीन टर्मिनल, म्हणजे आदेश टाइप करायच्या विंडो. आणखी एक टर्मिनल हवं म्हणून त्यातल्या एकात एक्सटर्म लिहावं, तर विंडो उघडतच नाही. माऊसच्या टोकाला एक रिकामी चौकट लटकते आणि माऊस नेऊ तिकडे येत राहते. डावं बटण दाबलं की विंडो तिथे बसते, पण ते माहीत असायला हवं. माझी पुतणी नववीत असताना हौसेने माझ्या जुन्या मशीनवर बसली होती. ती चौकट दिसताच तिने माऊसवरचा हात काढला आणि म्हणाली, "काका, माझ्यामुळे बिघडलं का?"

काहीच बिघडलं नव्हतं. मग तिने विंडो बंद करायला फुली शोधली, तर फुली नाही. टायटल बारवर डावीकडे एक बटण असतं, ते विंडोचा आयकन करतं. उजवीकडचं बटण आकार बदलतं. बंद करायचं तर मागच्या मोकळ्या जागेवर माऊस दाबून धरायचा, मेन्यूतलं किल निवडायचं, बाणाची कवटी होते, ती कवटी नको असलेल्या विंडोवर नेऊन क्लिक करायचं. आणि तीनपैकी लॉगिन नावाचं टर्मिनल चुकून बंद केलं, तर सगळंच मिटतं आणि पुन्हा काळा पडदा.

या विंडो मॅनेजरचं नाव टीडब्ल्यूएम. टॉम लास्ट्रेंज यांनी तो १९८७ मध्ये लिहिला, म्हणून आधी नावातला टी टॉमचा होता, नंतर तो टॅबचा झाला. त्या काळात हे कौतुकाचं काम होतं आणि पुढे एक्सच्या अधिकृत संचातच त्याला जागा मिळाली. नेटबीएसडी ही १९९३ साली सुरू झालेली ऑपरेटिंग सिस्टीम वीसहून अधिक वर्षं हाच विंडो मॅनेजर आपल्यासोबत देत राहिली. सप्टेंबर २०२० मध्ये तिच्या विकासातल्या आवृत्तीत टीडब्ल्यूएमची जागा सीटीडब्ल्यूएमने घेतली आणि २८ मार्च २०२४ ला आलेल्या १०.० या आवृत्तीतून तो बदल सर्वसामान्य वापरणाऱ्यापर्यंत पोचला.

एका अक्षराचा फरक. पण त्या एका अक्षरामागे काय काय तोलावं लागतं ते समजलं, की हलकी सिस्टीम म्हणजे नेमकं काय हे बरंचसं उलगडतं.

आधी विंडो मॅनेजर करतो काय ते पाहू. आठवडी बाजार डोळ्यांपुढे आणा. मैदान ग्रामपंचायतीचं, माल विक्रेत्यांचा आणि पहाटे फक्की टाकून कोणी कुठे बसायचं ते आखणारा माणूस तिसराच. एक्समध्ये मैदान म्हणजे एक्स सर्व्हर. स्क्रीन, माऊस आणि कीबोर्ड त्याच्या ताब्यात असतात. विक्रेते म्हणजे आपले प्रोग्रॅम. आणि फक्की टाकणारा म्हणजे विंडो मॅनेजर. विंडोभोवतीची चौकट, वरची पट्टी, विंडो कुठे उघडावी, कोणती वर यावी, टाइप केलेलं कोणाकडे जावं, एवढंच त्याचं काम. विंडोच्या आत काय दिसतं याच्याशी त्याचा संबंध नाही.

एक्स तयार करणाऱ्यांनी, म्हणजे १९८४ पासून एमआयटीमध्ये बॉब शाइफ्लर, जिम गेटिस आणि त्यांच्या सोबत्यांनी, हे जाणूनबुजून वेगळं ठेवलं. सर्व्हरने फक्त सोय पुरवायची, विंडो कशा दिसाव्यात आणि वागाव्यात ते बाहेरच्याने ठरवायचं. त्यामुळे विंडो मॅनेजर हाही एक्सच्या लेखी एक साधा प्रोग्रॅमच आहे. त्याला एकच खास हक्क मिळतो: एखादा प्रोग्रॅम विंडो दाखवू पाहतो तेव्हा ती विनंती आधी याच्याकडे वळते. हा हक्क एका वेळी एकालाच. दुसरा विंडो मॅनेजर सुरू करायला गेलं तर आधीच एक चालू आहे असं सांगून तो थांबतो.

हे स्वतः करून बघण्यासारखं आहे. वर सांगितलेल्या जुन्या मांडणीत एका टर्मिनलमधून पीकिल हा प्रोग्रॅम बंद करायचा आदेश वापरून टीडब्ल्यूएम बंद करा. सगळ्या विंडोंच्या पट्ट्या एका झटक्यात गळून पडतात. विंडो मात्र जागच्या जागी राहतात, घड्याळ चालू असतं, माऊस ज्या टर्मिनलवर असेल त्यात टाइपही होतं. फक्त काही हलवता येत नाही आणि मागची विंडो पुढे आणता येत नाही. फक्कीवाला घरी गेला, बाजार चालूच आहे. आता त्याच टर्मिनलमधून सीटीडब्ल्यूएम सुरू करा, की त्याच विंडोंना नव्या चौकटी बसतात. कोणत्याही पुस्तकापेक्षा या दोन मिनिटांत जास्त कळतं.

बदलणं इतकं सोपं असेल, तर सोबत कोणता दिला याने काय बिघडतं, असा प्रश्न पडेल. जाणकाराचं काहीच बिघडत नाही. त्याची आवड ठरलेली असते, सिस्टीम बसवल्यावर पाचव्या मिनिटाला तो आपला विंडो मॅनेजर उतरवून घेतो. सोबत दिलेला वापरतो तो, ज्याला दुसरा असतो हेच माहीत नाही. किंवा ज्याचं वायफाय अजून चालू झालेलं नाही. किंवा ज्याचा माऊस चालत नाहीये आणि तेच दुरुस्त करायला तो टर्मिनल शोधतोय. म्हणून सोबत द्यायचा विंडो मॅनेजर निवडताना "सर्वांत चांगला कोणता" हा प्रश्नच मला गैरलागू वाटतो. अनोळखी मशीनवर, अनोळखी स्क्रीनवर, इंटरनेटशिवाय, काहीही माहीत नसलेला माणूस पहिली दहा मिनिटं कोणत्या विंडो मॅनेजरवर निभावेल, हे विचारायला हवं.

या प्रश्नावर टीडब्ल्यूएम हरतो. तो हलका आहे, यात वाद नाही. पण माझ्या पुतणीने हात काढून घेतला, तो मेगाबाइटमुळे नाही.

हलकं म्हणजे किती?

हलकेपणा म्हटलं की सगळे मेमरीचे आकडे काढतात. टीडब्ल्यूएम किंवा सीटीडब्ल्यूएम चालायला काही एमबी पुरतात. त्याच मशीनवर ब्राउझरचा एक टॅब उघडला की शेकडो एमबी जातात. तेव्हा पाच एमबीचा विंडो मॅनेजर घ्यावा की पंधरा एमबीचा यावर आज भांडण्यात फारसा अर्थ नाही.

एका ठिकाणी मात्र मेमरीचा हिशोब खरा आहे, तो म्हणजे कम्पोझिटिंग. १९२० बाय १०८० ची स्क्रीन म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल, प्रत्येकी चार बाइट धरले तर जवळपास ८३ लाख बाइट, म्हणजे ८ एमबीच्या आसपास. कम्पोझिटिंग करणारा मॅनेजर प्रत्येक विंडोचं पूर्ण चित्र वेगळं साठवतो आणि मग सगळी एकावर एक रचून स्क्रीनवर आणतो. अशा पूर्ण आकाराच्या दहा विंडो उघडल्या की नुसत्या चित्रांनाच ८० एमबी लागले. १६ जीबीच्या लॅपटॉपला याचं काही वाटत नाही, २५६ एमबीच्या मशीनचा श्वास अडकतो. जुन्या पद्धतीत असं चित्र साठवतच नाहीत. वरची विंडो सरकली की सर्व्हर खालच्या प्रोग्रॅमला कळवतो, तुझा एवढा भाग उघडा पडलाय, पुन्हा काढ. म्हणून तर मंद मशीनवर विंडो ओढली की तिच्या मागे ओरखडे राहतात आणि हळूहळू भरून येतात. सावल्या आणि पारदर्शकपणा सोडायचा, त्या बदल्यात मेमरी वाचवायची, असा हा सौदा आहे.

पण सिस्टीम बनवणाऱ्यांना खरं ओझं वेगळ्याच गोष्टीचं होतं. नेटबीएसडी ज्यातली आहे त्या बीएसडी या युनिक्स घराण्यात मूळ सिस्टीम एकाच झाडासारखी असते. तिचा सगळा सोर्स कोड एकत्र, बांधणी एकत्र, आवृत्ती एकत्र. त्यात जे घालाल ते नेटबीएसडी चालते त्या पन्नासहून अधिक प्रकारच्या मशीनवर बांधलं गेलं पाहिजे. त्यात १९७७ सालचं घराणं असलेला व्हॅक्स आहे, अमिगा आहे, सनच्या जुन्या वर्कस्टेशन आहेत आणि रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणकही आहे. रस्ट या नव्या भाषेत लिहिलेला एखादा देखणा विंडो मॅनेजर घ्यायचा म्हटलं, तर व्हॅक्ससाठी रस्टचा कंपायलरच नाही. जीटीके या तयार कोडच्या लायब्ररीवर बेतलेला घ्यायचा, तर एका विंडो मॅनेजरच्या मागे लायब्ररींचं अख्खं वऱ्हाड येतं आणि त्या प्रत्येकीचे सुरक्षेचे दोष आयुष्यभर निस्तरायची जबाबदारीही. साध्या सी भाषेत, एक्सच्या मूळ लायब्ररीवर लिहिलेला सीटीडब्ल्यूएम या झाडात कुठेही न टोचता बसतो.

मग लायसन्स. हे रूक्ष वाटतं, पण याने निर्णय फिरतात. त्याच घराण्यातल्या ओपनबीएसडीचं उदाहरण बोलकं आहे. तिच्यासोबत एफव्हीडब्ल्यूएम येतो, जो रॉबर्ट नेशन यांनी १९९३ मध्ये टीडब्ल्यूएमच्याच कोडमधून, मेमरी कमी लागावी म्हणून काढला. पण ओपनबीएसडी देते ती २.२.५ ही फार जुनी आवृत्ती. एफव्हीडब्ल्यूएमच्या पुढच्या आवृत्त्या जीपीएल या, बदललेला कोडही खुला ठेवण्याची अट घालणाऱ्या लायसन्सखाली आल्या आणि मूळ सिस्टीममध्ये नवा जीपीएल कोड घ्यायचा नाही हे त्या मंडळींचं धोरण. म्हणून ते जुनी आवृत्तीच सांभाळत बसले आहेत. जोडीला सीडब्ल्यूएम नावाचा कीबोर्डवर चालणारा मॅनेजर देतात, तो मला फार आवडतो, पण नवख्याच्या हाती द्यावा असा तो नाही.

सीटीडब्ल्यूएमने नवं काय दिलं? स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या ईपीएफएल या तंत्रज्ञान संस्थेत क्लोद लकोमांदर यांनी टीडब्ल्यूएम घेऊन त्यात अनेक वर्कस्पेसची सोय घातली, नावातला सी त्यांचा. टीडब्ल्यूएम जिथल्या तिथे राहिला, हा मात्र वाढत गेला. आजचे प्रोग्रॅम विंडो मॅनेजरशी ज्या ठरलेल्या खुणांनी बोलतात, उदाहरणार्थ व्हिडिओ पूर्ण स्क्रीनभर करायचा आहे ही विनंती, त्या खुणा टीडब्ल्यूएमला समजत नाहीत, सीटीडब्ल्यूएमला समजतात. नेटबीएसडीमध्ये तो २०१५ सालीच येऊन पडला होता. म्हणजे पाच वर्षं चांगली वस्तू घरात होती, पण माळ्यावर.

तिला माळ्यावरून उतरवलं ते कॉन्फिगच्या, म्हणजे सेटिंगच्या, फाइलने. हा भाग लोकांच्या नजरेतून सुटतो. विंडो मॅनेजर निवडणं हे अर्धंच काम, त्याची सुरुवातीची मांडणी लिहिणं हे उरलेलं अर्धं, आणि मला विचाराल तर ते मोठं अर्धं. नेटबीएसडीच्या मांडणीत बसवलेल्या पॅकेजांचा मेन्यू आपोआप भरतो, आवाज कमीजास्त करायच्या कळा चालतात आणि माऊस नसला तरी कीबोर्डवर सगळं जमतं. सीटीडब्ल्यूएमची फाइल एम४ या जुन्या युनिक्स प्रोग्रॅममधून गाळून घेता येते आणि त्याला स्क्रीनची रुंदी, उंची, रंग आहेत की नाहीत हे आधीच कळतं. त्यामुळे लहान स्क्रीनला लहान फॉन्ट, मोठ्या स्क्रीनला मोठा, हे एकाच फाइलमध्ये लिहिता येतं. एकच मांडणी जुनाट मशीनलाही आणि कालच घेतलेल्या मशीनलाही.

लिनक्सच्या हलक्या वितरणांनी आपापली उत्तरं काढली आहेत. टायनी कोअर सगळी मिळून २०-२५ एमबीत मावते, तिच्यात एफएलडब्ल्यूएम. कारण तिची स्वतःची साधनं एफएलटीके या लायब्ररीवर आहेत आणि हा मॅनेजरही त्याच घरातला, म्हणजे लायब्ररीचा खर्च एकदाच. अँटिएक्समध्ये आइसडब्ल्यूएम, खाली टास्कबार, डावीकडे मेन्यू, विंडोजवरून आलेला माणूस अडखळत नाही. पप्पीने जेडब्ल्यूएम धरला.

आपल्या वेलांटीचं काय?

आता एक मुद्दा, जो या चर्चांत फारसा कोणी काढत नाही आणि मला मात्र जवळचा आहे. विंडोच्या आतलं मराठी फायरफॉक्स किंवा लिबरऑफिस स्वतः नीट दाखवतात. पण वरच्या पट्टीवरचं नाव लिहितो विंडो मॅनेजर. तिथे देवनागरी आली की कोण किती पाण्यात आहे ते कळतं.

विद्यार्थी यादी असं नाव दिलेली फाइल घ्या. टीडब्ल्यूएम आणि सीटीडब्ल्यूएम एक्सच्या जुन्या, ठिपक्यांच्या फॉन्टमध्ये लिहितात, तिथे बहुतेक वेळा नुसते चौकोन किंवा रिकामी जागा. डीडब्ल्यूएमसारखे जे विंडो मॅनेजर एक्सएफटी ही लायब्ररी थेट वापरतात, त्यांच्याकडे अक्षरं दिसतात पण सुटी सुटी. पहिली वेलांटी व च्या आधी यायची ती मागाहून येते आणि द ला चिकटल्यासारखी दिसते. द्य चं जोडाक्षर न होता पाय मोडलेला द आणि शेजारी य. आणि रफार थ च्या डोक्यावर जाण्याऐवजी पाय मोडका र म्हणून आधीच उभा. वाचता येतं, पण पहिलीतल्या मुलासमोर ठेवायला लाज वाटेल असं.

कारण देवनागरी लिहिणं म्हणजे एकामागे एक अक्षरं ठेवत जाणं नव्हे. साठवताना आपण व, मग वेलांटी असं साठवतो, दाखवताना क्रम उलटतो. जोडाक्षरं फॉन्टमधल्या नियमांनुसार जुळवावी लागतात. हे काम हार्फबझ ही लायब्ररी करते आणि बरेच प्रोग्रॅम तिच्यापर्यंत पँगो या दुसऱ्या लायब्ररीमार्फत पोचतात. ओपनबॉक्स हा विंडो मॅनेजर पँगो वापरतो, म्हणून त्याच्या पट्टीवर विद्यार्थी नीट उमटतो. पण पँगोसोबत जीलिब येते, हार्फबझ येते, आणि हे नेटबीएसडीच्या मूळ झाडात नाही. इंग्रजी लिहिणाऱ्याच्या तराजूत पँगो हे निव्वळ ओझं ठरतं. माझ्या तराजूत ती माझ्या लिपीची किंमत आहे आणि ती मी आनंदाने मोजेन.

म्हणून माझं उत्तर एक नाही. व्हॅक्सपासून रास्पबेरी पायपर्यंत सगळीकडे जाणाऱ्या मूळ सिस्टीमसाठी सीटीडब्ल्यूएम ही निवड मला पूर्ण पटते. पण गावातल्या शाळेला जुन्या मशीन देताना, जिथे मुलं फाइलला आपलं नाव मराठीत देणार, तिथे मी ओपनबॉक्सच बसवतो. काही एमबी जास्त गेले तरी चालतील.

कळांचंही पाहावं लागतं. इंग्रजी-मराठी कीबोर्ड बदलायला आपण बरेचदा सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली कळ) आणि स्पेस किंवा कंट्रोल आणि स्पेस वापरतो. विंडो मॅनेजरने तीच कळ स्वतःच्या मेन्यूसाठी आधी पकडली असेल, तर भाषा बदलतच नाही आणि दोष बिचाऱ्या मराठी कीबोर्डच्या माथी जातो. मशीन कोणाला देण्याआधी मॅनेजरच्या शॉर्टकटची यादी एकदा नजरेखालून घालावी.

एक्सच्या जागी येत असलेल्या वेलँडने मात्र हा सगळा खेळ बदलला आहे. तिथे मैदानाची मालकी आणि फक्की टाकणं ही दोन्ही कामं एकाच प्रोग्रॅमकडे असतात, त्याला कम्पोझिटर म्हणतात. मघाचा पीकिलचा प्रयोग तिथे केला तर पट्ट्या गळत नाहीत, बहुतेक वेळा चालू प्रोग्रॅमसकट सगळी बैठकच मोडते. साहजिकच सोबत कोणता द्यायचा हा निर्णय जड झाला. रास्पबेरी पाय ओएसचा प्रवास पाहा. बरीच वर्षं ओपनबॉक्स. २०२१ मध्ये २ जीबी किंवा जास्त मेमरी असलेल्या पायवर मटर नावाचा मॅनेजर, कमी असलेल्यांवर ओपनबॉक्सच. ऑक्टोबर २०२३ मध्ये पाय ४ आणि ५ वर वेलँड आणि त्यावरचा वेफायर हा कम्पोझिटर. आणि वर्षभरात, ऑक्टोबर २०२४ ला, सगळ्याच मॉडेलवर लॅबडब्ल्यूसी हा दुसरा कम्पोझिटर. तीन वर्षांत तीनदा बदल. वेफायर ज्या दिशेने चालला होता ती पायच्या ग्राफिक्स चिपला मानवणारी नव्हती. लॅबडब्ल्यूसी हलका आहे, त्याच्या कॉन्फिगची धाटणी ओपनबॉक्सची आहे आणि पट्टीवरचं नाव तोही पँगोनेच लिहितो. म्हणजे सगळ्यात छोट्या पायवरही आता वेलांटी जागेवर आहे.

तुमच्या मशीनवर तपासायचं असेल तर चालू सेटिंग मोडायची गरज नाही. झेफर नावाचा प्रोग्रॅम विंडोच्या आत एक वेगळा एक्स सर्व्हर उघडतो. त्यात हवा तो विंडो मॅनेजर सुरू करा, एखाद्या एडिटरमध्ये विद्यार्थी यादी ही फाइल उघडा आणि वरच्या पट्टीकडे बघा. मग माऊस बाजूला ठेवा आणि नुसत्या कीबोर्डवर टर्मिनल उघडून बंद करता येतं का ते बघा. शक्य असेल तर घरातल्या कोणाला तरी समोर बसवा आणि काही न सांगता शेजारी उभे राहा.